एकही न वगळता : सॉल लेविट यांच्या मुद्राचित्रांतील संख्या

आधुनिक कलेच्या दालनात शिरलेला आपला सुशिक्षित ख्रिस्ती वाचक एका ठिकाणी हमखास अडखळतो. भिंतीवर सारख्या आकाराचे चौकोन ओळीने लावलेले असतात. एकात उभ्या रेषा, दुसऱ्यात आडव्या, तिसऱ्यात तिरप्या, पुढच्यात दोहोंची सरमिसळ. चेहरा नाही, निसर्ग नाही, कथा तर नाहीच. वाचक क्षणभर थबकतो आणि मग सोबतच्या माणसाला हळूच विचारतो, 'हे अंकगणित झाले. यात कला कोठे आहे?' हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे आम्हांला वाटत नाही. तो प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे. अमेरिकन चित्रकार सॉल लेविट यांची मुद्राचित्रे समोर ठेवून ते उत्तर शोधण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

संख्या आणि चित्र यांची सोयरीक मुळात नवी नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यांनी १५१४ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले 'मेलेंकोलिया' हे मुद्राचित्र प्रसिद्ध आहे. पंख असलेली एक आकृती गालावर हात टेकून विषण्ण बसली आहे. अवतीभोवती तराजू, वाळूचे घड्याळ, कंपास, करवत अशी साधने आहेत. तिच्या डोक्यामागील भिंतीवर सोळा घरांचा एक चौरस आहे. त्यात १ ते १६ या संख्या अशा मांडल्या आहेत की उभी, आडवी वा तिरपी कोणतीही ओळ घ्या, बेरीज ३४ च येते. खालच्या ओळीतील मधल्या दोन घरांत १५ आणि १४ शेजारी शेजारी ठेवून ड्यूरर यांनी चित्राचे सालही त्यात गुंफले आहे. असा ३४ बेरजेचा चौरस आपल्या देशातही आहे. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात तो शिलेवर कोरलेला आहे.

त्याच परंपरेतील अलीकडचे उदाहरण बार्सिलोना येथील 'साग्रादा फामिलिया' या महामंदिराच्या दुःखसहनाच्या दर्शनी भागावर पाहावयास मिळते. शिल्पकार जुझेप मारिया सुबिराक्स यांनी तेथे सोळा घरांचा एक चौरस कोरला असून त्याच्या प्रत्येक ओळीची बेरीज ३३ येते. प्रभू येशूच्या मरणसमयीचे हे परंपरेने मानलेले वय. श्रद्धाळू मनाला ही योजना भावते, आणि भावावी अशीच ती आहे. परंतु चौरस निरखून पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. १ ते १६ या संख्या एकेकदा वापरल्या तर बेरीज ३४ च येणार. ती ३३ वर आणण्यासाठी सुबिराक्स यांनी १२ आणि १६ या दोन संख्या गाळल्या आणि १० व १४ या दोन संख्या दोनदा योजिल्या. चिन्ह सिद्ध झाले खरे, पण त्यासाठी दोघांना बाहेर राहावे लागले. ही उणीव म्हणून आम्ही सांगत नाही. चिन्हाचा मार्ग असाच असतो. चिन्ह निवड करते. लेविट यांचा मार्ग याच्या नेमका उलट दिशेचा आहे आणि तो समजण्यासाठी ही तुलना उपयोगी पडते.

सॉल लेविट यांचा जन्म १९२८ साली अमेरिकेतील हार्टफर्ड येथे, रशियातून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबात झाला. सिराक्यूज विद्यापीठात कलाशिक्षण, कोरियन युद्धाच्या काळात लष्करी सेवा, नंतर न्यूयॉर्कमध्ये वास्तुविशारद आय. एम. पेई यांच्या कचेरीत आरेखनाचे काम, अशा वाटेने ते कलाक्षेत्रात स्थिरावले. १९६७ साली 'आर्टफोरम' या नियतकालिकात त्यांनी संकल्पनात्मक कलेवर एक टिपण लिहिले. त्याचा आशय थोडक्यात असा : कलाकृतीविषयीचे सारे महत्त्वाचे निर्णय आधीच घ्यावेत, नियम ठरवावा आणि मग मनाच्या लहरीला मध्ये येऊ न देता तो नियम शेवटपर्यंत पाळावा. काम करता करता 'येथे थोडे बदलले तर अधिक सुंदर दिसेल' असा मोह होतो. तो मोह आवरणे हाच त्यांच्या कलेचा पहिला संयम आहे.

हा नियम म्हणजे काय, हे त्यांच्या रेषांच्या मालिकेत स्पष्ट दिसते. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहावे. सरळ रेषेच्या चार दिशा घ्या : उभी, आडवी, डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी आणि उजवीकडून डावीकडे उतरणारी तिरपी. आता त्यांच्या जितक्या जुळण्या शक्य आहेत तितक्या सर्व काढा. एकेकटी दिशा घेतली तर चार चौकोन होतात. दोन-दोन दिशा एकत्र केल्या तर सहा. तीन-तीन घेतल्या तर पुन्हा चार. आणि चारही एकत्र आल्या तर एक. एकूण पंधरा. सोळावी जुळणी शोधून सापडत नाही, आणि पंधरापैकी एक गाळली तर मालिका खोटी ठरते. लेविट यांनी हा विषय पुस्तकांत, भिंतीवरील रेखाटनांत आणि मुद्राचित्रांत पुनःपुन्हा हाताळला. १९७३ साली तयार झालेल्या त्यांच्या एका अम्लरेखन-संचाचे शीर्षकच 'चार दिशांतील सरळ रेषा आणि त्यांच्या सर्व शक्य जुळण्या' या अर्थाचे आहे. शीर्षकात सारे सांगून टाकलेले असते, लपविलेले काहीच नसते. रंग वापरायचे झाले तरी काळा, पिवळा, तांबडा आणि निळा हे चारच, म्हणजे छापखान्याचे मूळ रंग.

हे सारे मुद्राचित्राच्या माध्यमात का शोभते, याचाही विचार केला पाहिजे. अम्लरेखनाची रीत अशी : तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा लेप देतात, त्यावर सुईने रेघा ओढतात, पत्रा आम्लात बुडवितात. जेथे सुईने लेप खरवडला तेथेच आम्ल तांबे खाते. मग त्या खाचांत शाई भरून वरचा पृष्ठभाग पुसून घेतात, आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढतात. कागदावर उमटते ते पत्र्यावरील चित्राचे प्रतिबिंब. उजवे डावे होते, डावे उजवे. म्हणजे डावीकडे झुकलेली तिरपी रेषा छापल्यावर उजवीकडे झुकते. एखाद्या निसर्गचित्राचे असे उलटे छापले जाणे चित्रकाराला आधी ध्यानात घ्यावे लागते. पण पंधराही जुळण्या असलेला संच पालटला तर काय होईल? घरांची अदलाबदल होईल, संच मात्र तोच राहील. डावी तिरपी उजवीच्या जागी जाईल, उजवी डावीच्या. कोणीही बाहेर पडणार नाही आणि नवा कोणी आत येणार नाही. जे सर्वांना सामावून घेते त्याला आरसा बिघडवू शकत नाही. आम्हांला या चित्रांतील पहिले खरे सौंदर्य येथे जाणवते, आणि ते डोळ्यांइतकेच बुद्धीला दिसते.

दुसरी गोष्ट हातांची. लेविट १९७१ पासून कॅलिफोर्नियातील क्राउन पॉइंट प्रेस या मुद्रणशाळेत काम करू लागले. तेथे पत्रा तयार करणारे, शाई भरणारे, पुसणारे, दाबयंत्र चालविणारे कुशल कारागीर असत. भिंतीवरील रेखाटनांच्या बाबतीत तर त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले : सूचना स्वतः लिहावयाच्या आणि रेघा इतरांनी ओढावयाच्या. २००७ साली त्यांचे निधन झाले. २००८ साली मॅसॅच्युसेट्समधील 'मास मोका' या संग्रहालयात त्यांची १०५ भित्तिरेखाटने अनेक हातांनी साकारण्यात आली. कर्ता गेला, विधी राहिला, आणि तो पाळणारे हातही राहिले. उपासनाविधीत वाढलेल्या आपणांस ही गोष्ट परकी वाटू नये. वेदीपाशी उभा राहणारा धर्मगुरू आपल्या मनाच्या अवस्थेनुसार मिस्साबलीचे शब्द बदलत नाही. आज तो उत्साही असेल, उद्या थकलेला; विधी त्याच्याहून थोर आहे आणि म्हणूनच तो सर्वांचा आहे. नियमाने व्यक्तिमत्त्व मरते असे म्हणणाऱ्यांनी एकाच सूचनेवरून दोन माणसांनी ओढलेल्या हातरेषा जवळून पाहाव्यात. नियम एक असूनही प्रत्येक हाताचा कंप वेगळा असतो.

आता येथे एका मोहाविषयी बोलणे अगत्याचे आहे. पंधरा ही संख्या वाचताच आमच्या अनेक वाचकांच्या मनात जपमाळेची पंधरा रहस्ये आली असतील. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली प्रकाशाची पाच रहस्ये जोडण्यापूर्वी ती पंधराच होती. मग लेविट यांच्या पंधरा चौकोनांत जपमाळ दडली आहे असे म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, श्रवणीय आहे आणि संपूर्णपणे निराधार आहे. चार दिशांच्या जुळण्या पंधरा होतात कारण गणितात त्या पंधराच होतात. तेथे गुप्त निरोप नाही. पंधराला पंधरा राहू देणे हाच या चित्रांचा आपल्याला पहिला धडा आहे.

हा धडा आपल्या घरांत आज हवा आहे. ख्रिस्ती कुटुंबांतही गाडीच्या क्रमांकाची बेरीज पाहिली जाते, विवाहाची तारीख अंकांवरून ठरते, नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर वाढविले जाते, तेरा जण एका मेजावर बसले तर कोणीतरी अस्वस्थ होते. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने भविष्य जाणण्याच्या सर्व प्रकारांचा निषेध केला आहे, हे आपण जाणतो. तरी संख्येचे भय जात नाही. कोणी म्हणेल, संत ऑगस्टीन यांनीही संख्यांचे अर्थ लावले नव्हते काय? लावले होते. संत योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभूच्या आज्ञेवरून टाकलेल्या जाळ्यात १५३ मोठे मासे सापडल्याचे सांगितले आहे. ऑगस्टीन यांनी दाखवून दिले की १ पासून १७ पर्यंतच्या संख्यांची बेरीज १५३ होते, आणि १७ म्हणजे दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची सात दाने. पण त्यांच्या विवेचनाचा रोख ओळखला पाहिजे. त्यांनी संख्येकडून भविष्य मागितले नाही की लाभ मागितला नाही. जे सत्य त्यांना श्रद्धेने आधीच ठाऊक होते, त्याचे मनन करण्यासाठी त्यांनी संख्या हाताशी घेतली. मननासाठी संख्या वापरणे वेगळे आणि संख्येपुढे गुडघे टेकणे वेगळे.

लेविट यांची आणखी एक कृती या विवेचनाला पुढे नेते. १९७४ साली त्यांनी 'अपूर्ण खुले घन' ही मालिका सिद्ध केली. शिल्पे, छायाचित्रे, रेखाटने आणि छापील पुस्तक अशा रूपांत ती आहे. घनाला बारा कडा असतात. त्यांतील काही काढून टाकायच्या, पण उरलेल्या कडा एकमेकींना जोडलेल्या राहिल्या पाहिजेत आणि आकृतीला लांबी, रुंदी व उंची तिन्ही असली पाहिजेत. फिरवून पाहिल्यावर सारख्या दिसणाऱ्या आकृती एकच धरायच्या. अशा किती अपूर्णता शक्य आहेत? लेविट यांना १२२ मिळाल्या. तीन कडांच्या तीन, चार कडांच्या पाच, पाच कडांच्या चौदा, सहांच्या चोवीस, सातांच्या बत्तीस, आठांच्या पंचवीस, नवांच्या तेरा, दहांच्या पाच आणि अकरा कडांची फक्त एक.

त्या मालिकेची छायाचित्रे प्रथम पाहताना पाहणारा प्रत्येक आकृतीत नकळत उरलेल्या कडा भरू लागतो. पूर्ण घन तेथे एकदाही दाखविलेला नाही, तरी तो प्रत्येक ठिकाणी जाणवतो. तीन कडांची अगदी तुटपुंजी आकृतीदेखील पूर्णाचीच अपूर्णता म्हणून उभी राहते. आणि ती गाळली जात नाही! तिचा मान अकरा कडांच्या आकृतीइतकाच. अपूर्णाला त्याच्या जागेसह मोजणारी ही दृष्टी कोरडी आहे असे आम्हांला म्हणवत नाही. सुबिराक्स यांच्या चौरसात चिन्हासाठी दोन संख्या बाहेर राहिल्या. येथे नियमासाठी १२२ अपूर्ण आकृती आत आल्या.

तथापि, स्तुतीबरोबर मर्यादा सांगणे हे समीक्षेचे कर्तव्य आहे. पवित्र शास्त्रात मोजणीच्या दोन कथा आहेत. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजा आपल्या प्रजेची शिरगणती करवितो. तलवार उचलू शकणारे किती, हे त्याला हवे असते. गणती पूर्ण होते आणि त्याचे अंतःकरण त्याला टोचू लागते. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ मोजतो. शंभर असावयास हवी होती, नव्याण्णव भरतात आणि तो रानात निघतो. दोघांचे अंकगणित सारखेच बिनचूक आहे. राजाने मोजले ते आपले बळ जाणण्यासाठी. मेंढपाळाने मोजले ते उणे कोण आहे हे जाणण्यासाठी.

लेविट यांची मोजणी या दोहोंत कोठे बसते? ती दावीदाची खचितच नाही. तिला काही मिळवायचे नाही. वगळण्यास नकार देण्याच्या बाबतीत ती मेंढपाळाच्या जवळ जाते. पण ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण तिच्या पंधरांपैकी कोणालाही हाक मारता येत नाही. सातवा चौकोन हरवला तर तो पुन्हा छापता येतो. त्याची वाट पाहणारे कोणी नसते. मुद्राचित्राच्या तळाशी पेन्सिलने लिहिलेला अपूर्णांक आठवा : पंचवीस प्रतींपैकी सातवी असेल तर वर ७ आणि खाली २५. प्रत्येक प्रत मोजलेली असते, तरी एकीऐवजी दुसरी चालते. माणसाच्या बाबतीत असे चालत नाही. धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत प्रत्येक ओळीला क्रमांक असतो, पण त्या क्रमांकापुढे नाव असते, आणि पुढच्या ओळीचे नाव या ओळीला चालत नाही.

या ठिकाणी पोलिश चित्रकार रोमान ओपाल्का यांचे स्मरण होते. त्यांची कृती मुद्राचित्रांची नव्हे, रंगचित्रांची आहे. परंतु संख्येला एका माणसाचे आयुष्य जोडले तर काय होते, हे तीत दिसते. १९६५ साली वॉर्सा येथे त्यांनी कॅनव्हासच्या डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने १ हा अंक लिहिला आणि मग २, ३, ४ असे लिहीत ते एका कॅनव्हासवरून दुसऱ्यावर जात राहिले. लिहिताना ते संख्या मोठ्याने उच्चारून ध्वनिमुद्रित करीत. १९७२ पासून प्रत्येक नव्या कॅनव्हासच्या पार्श्वभूमीत ते एक टक्का अधिक पांढरा मिसळू लागले, जेणेकरून शेवटी पांढऱ्यावर पांढरे लिहिले जावे. २०११ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते ५६०७२४९ पर्यंत आले होते. ही मालिका लेविट यांच्या पंधरांसारखी पूर्ण होणारी नव्हती. तिचा शेवट गणिताने ठरविला नाही, मरणाने ठरविला. तीतील एकही संख्या दुसरीसारखी नाही, कारण प्रत्येक संख्येत एका माणसाचे काही क्षण खर्ची पडले आहेत. लेविट नियमाची पूर्णता दाखवितात, ओपाल्का आयुष्याची अपूर्णता. दोघांना एकत्र पाहिले म्हणजे एकाची उणीव दुसऱ्यात भरून निघते.

लेविट यांच्यावर कोरडेपणाचा आरोप करणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. त्यांनी १९६९ साली लिहिलेल्या दुसऱ्या टिपणाच्या आरंभीच संकल्पनात्मक कलावंतांना तर्कवाद्यांपेक्षा गूढवाद्यांच्या जवळ बसविले आहे. पुढे ते काही वर्षे इटलीतील स्पोलेतो येथे राहिले. चर्चच्या भिंतींवरील जुन्या भित्तिचित्रांविषयी त्यांना आदर होता. उत्तरायुष्यात त्यांनी कनेटिकटमधील चेस्टर या गावातील सिनगॉगच्या वास्तूच्या रचनेत भाग घेतला. २००१ साली ती पूर्ण झाली. यावरून त्यांच्या खासगी श्रद्धेविषयी अनुमाने काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर चौकोन आणि रेषा मोजल्या, त्याला प्रार्थनेसाठी जमणाऱ्या मंडळीची जागा आखताना आपली भाषा परकी वाटली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपली मुले आज कलाशाळांत जातात, मुद्रणाचे आणि आरेखनाचे शिक्षण घेतात आणि घरी येऊन असली चित्रे दाखवितात. 'हे काय, रेघोट्या!' म्हणून आई-वडिलांनी ती बाजूला सारू नयेत. पंधरापैकी कोणती जुळणी राहिली आहे काय, हे मुलाबरोबर बसून मोजावे. चित्राचा नियम ओळखावा आणि तो पाळला आहे की नाही ते तपासावे. त्यात गूढ अर्थ शोधण्याची घाई करू नये, आणि गूढ अर्थ नाही म्हणून चित्राला पोकळही म्हणू नये. एवढे केल्यावर आपल्या घरातील, आपल्या धर्मग्रामातील मोजणीकडे वळावे. मिस्सेला किती आले याचा आकडा प्रत्येक धर्मग्रामात सांगता येतो. कोण आले नाही हे सांगण्यासाठी मात्र प्रत्येकाचे नाव ठाऊक असावे लागते. तेवढ्याचसाठी मेंढपाळ रोज संध्याकाळी पहिल्यापासून मोजतो.